नीलकंठाने विष प्राशन केले ते कोणासाठी?

आज माघ वद्य चतुर्दशी, महाशिवरात्र. पहाटेपासून शिवालयांच्या वाटा भाविकांनी फुलून जातील. तांब्यातील अभिषेकाचे जल, बेलाची त्रिदळे, धोत्र्याचे फूल आणि कवठाचे फळ एवढे साधे साहित्य घेऊन माताभगिनी पिंडीपुढे रांगेत उभ्या राहतील. भोळा सांब एका बेलपत्रानेही संतुष्ट होतो, ही आपली पिढ्यान् पिढ्यांची श्रद्धा आहे. परंतु या पवित्र तिथीच्या भोवती आणखी एक गोष्ट घुटमळत असते आणि तिच्याविषयी घराघरांतून सहसा उघड बोलले जात नाही. ती गोष्ट म्हणजे भांग, आणि तिचीच सख्खी भावंडे गांजा व चरस.

या विषयावर लिहिण्याचा अधिकार वैद्याचा किंवा वकिलाचा. कीर्तनकाराचा नव्हे, असे मलाही पूर्वी वाटत असे. ते वाटणे एका रात्री संपले. काही वर्षांपूर्वी महाशिवरात्रीचे कीर्तन आटोपून मी वीणा खाली ठेवली. बुक्का लावून घेऊन मंडळी पांगली. एक बाई मात्र खांबाशी थांबून राहिल्या होत्या. जवळ येऊन त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "बुवा, माझ्या मुलाने दोन वर्षांमागे याच दिवशी मित्रांबरोबर थंडाईचा पहिला पेला घेतला. देवाचा प्रसाद म्हणून मीही काही बोलले नाही. पुढे तो गांजावर गेला. आता तो कॉलेजला जात नाही. भिंतीआडून कोणी आपल्याविषयी बोलते आहे, असे रात्री उठून सांगतो. बुवा, देवाला जे चालते, ते माझ्या लेकाला का बाधले?"

माझ्यापाशी तत्क्षणी उत्तर नव्हते. त्याहूनही बोचणारी गोष्ट अशी की, तासाभरापूर्वीच उत्तररंगात भोळ्या शंकराच्या भांगेवर एक चुटका सांगून मी श्रोत्यांना हसविले होते. तो चुटका मी वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर शोधणे हे त्यामुळे माझे प्रायश्चित्तच ठरले. हा लेख म्हणजे त्या शोधाचे फळ होय.

ग्रंथांत भांग आहे, पण कशी?

प्रथम ग्रंथांकडे वळू. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडातील एका सूक्तात, संकटातून मुक्त करण्यासाठी ज्या वनस्पतींना आळविले आहे, त्यांत दर्भ व यव यांच्याबरोबर भंगाचे नाव येते. तेथे नशेचा उल्लेख नाही. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात शेतांची नावे कशी साधावीत हे सांगताना तीळ, उडीद व जवस यांच्या पंक्तीला भंगा बसविली आहे. म्हणजे त्या काळी ती एक शेतातील पीक होती. तिच्या देठाच्या वाखापासून दोर व वस्त्र होते, तिच्या बियांचे तेल निघते. मादकता हा तिचा एकमेव परिचय नव्हे.

वैद्यकग्रंथांत ती ठळकपणे येते ती पुष्कळ नंतर. भावप्रकाशात तिला विजया, जया, मातुलानी, मादिनी अशी नावे आहेत. तिच्या दीपन-पाचन गुणांबरोबरच ती मोह व मद वाढविते, हेही तेथे स्पष्ट सांगितले आहे. शार्ङ्गधराने तर फार मार्मिक गोष्ट नोंदविली आहे. जे द्रव्य पचण्यापूर्वीच सर्व शरीरात पसरते, त्यास तो 'व्यवायी' म्हणतो, आणि त्याची उदाहरणे देताना भांग व अफू यांना एका ओळीत बसवितो. आपले वैद्य भांग औषधात वापरीत, परंतु शोधन केल्यावाचून नव्हे, आणि मात्रा ठरविल्यावाचूनही नव्हे. आजच्या औषधविषयक नियमांतही आयुर्वेदीय विषद्रव्यांची जी सूची आहे, तिच्यात वत्सनाभ व धोत्रा यांच्याबरोबर भांग नोंदलेली आहे. अशी द्रव्ये असलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधावर, ते वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावे, अशी सूचना छापावी लागते.

आता राहिला प्रश्न महादेवाचा. लोककथांतून, होळीच्या गाण्यांतून शिवाच्या हाती भांगेचा पेला दिसतो हे खरे. काशीला भांग घोटण्याची परंपरा आहे, उज्जयिनीस महाकालेश्वराला भांगेचा शृंगार होतो, हेही खरे. त्या परंपरांचा उपमर्द मला करावयाचा नाही. परंतु श्रीमद्भागवताच्या आठव्या स्कंधातील समुद्रमंथनाची कथा नीट वाचावी. हालाहल उसळले, प्रजा होरपळू लागली, देव शरण आले. तेव्हा शंकराने ते विष ओंजळीत घेऊन प्राशन केले आणि त्याचा कंठ निळा झाला. त्या कथेत सुखासाठी प्यालेला एक थेंबही नाही. सारे प्राशन दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठी आहे. त्यापुढे भागवतकार आणखी एक गोष्ट सांगतात. पिताना हातातून जे थेंब निसटले, ते विंचवांनी, सापांनी आणि विषारी वनस्पतींनी उचलले. म्हणजे वनस्पतीतील विष हा शिवाच्या हातून सांडलेला अंश. तो त्याचा प्रसाद कसा म्हणावा?

वाहिलेले परत घ्यावयाचे नसते

पूजेच्या साहित्याकडेच पाहा. आपण पिंडीवर धोत्र्याचे फूल वाहतो, रुईची फुले वाहतो. दोन्ही वनस्पती विषारी आहेत. महादेवाला प्रिय म्हणून घरी आणून कोणी धोत्र्याची चटणी वाटली आहे काय? वाहण्याचा अर्थच असा की, जगातील जे तीक्ष्ण, जे दाहक, ते त्या समर्थाच्या स्वाधीन करून आपण मोकळे व्हावयाचे. आपल्या मराठीत 'शिवनिर्माल्य' हा शब्द, ज्याला पुन्हा हात लावावयाचा नाही अशा वस्तूसाठी रूढ झाला, तो उगाच नव्हे. ज्योतिर्लिंगादी स्थानांविषयी शास्त्रकारांनी अपवाद सांगितले आहेत. परंतु त्या अपवादांतून नशेची मोकळीक निघत नाही.

शिवाय आजच्या व्रताची दोन अंगे कोणती? उपोषण आणि जागरण. श्रीधरस्वामींनी १७१८ साली रचलेल्या शिवलीलामृताच्या दुसऱ्या अध्यायातील व्याधाची कथा आपल्या घराघरांत वाचली जाते. तो पारधी पुण्यवान नव्हता, शास्त्रज्ञ नव्हता. तो उपाशी होता, रात्रभर बेलाच्या झाडावर जागा होता, आणि त्या जागेपणात त्याला हरिणींचे दुःख ऐकू आले. त्याच्या हातून बाण सुटला नाही. व्याधाला शिव भेटला तो उपाशी पोटी आणि उघड्या डोळ्यांनी. जी वस्तू डोळ्यांवर झापड आणते, ती जागरणाच्या रात्री घेणे म्हणजे व्रत मोडण्यासाठी व्रताचेच निमित्त करणे होय.

शरीर काय सांगते?

भांग, गांजा आणि चरस या तिन्ही एकाच झाडाच्या वस्तू. पानांची ती भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा तो गांजा, आणि त्यावरील चिकट राळेचा तो चरस. तिन्हींत मादकता आणणारे मुख्य द्रव्य एकच. त्याला संक्षेपाने टीएचसी म्हणतात. १९६४ साली इस्रायलमधील राफेल मेशुलम व येहिएल गाओनी या संशोधकांनी ते शुद्ध स्वरूपात वेगळे करून त्याची घडण निश्चित केली. पुढे १९९२ साली मेशुलम यांच्याच प्रयोगशाळेत असे आढळले की, ज्या कुलपांना हे द्रव्य लागू पडते, त्यांची किल्ली मेंदू स्वतःच तयार करीत असतो. त्या अंगभूत द्रव्याला त्यांनी नाव दिले 'आनंदामाइड', आपल्या संस्कृत 'आनंद' या शब्दावरून! आनंद आत आहे, हे आपले ऋषी सांगत आले. बाहेरून घेतलेली नशा त्याच कुलपात जबरदस्तीने किल्ली फिरविते.

त्याचे परिणाम पुढीलप्रमाणे. नाडी जलद होते, म्हणून हृद्रोग्यास धोका संभवतो. स्मरण व एकाग्रता क्षीण होते. वेळेचे व अंतराचे भान सुटते, म्हणून वाहन चालविणे घातक ठरते. गर्भवतीने सेवन केल्यास बालकाचे वजन कमी भरण्याचा संभव वाढतो. चिलमीतून ओढल्यास तंबाखूचा व धुराचा उपद्रव निराळाच. थंडाईतून घेतल्यास आणखी एक फसगत आहे. परिणाम दिसावयास अर्ध्या तासापासून दोन तास लागतात. तोवर "काहीच झाले नाही" म्हणून दुसरा पेला घेतला जातो आणि मग दोन्ही पेले एकदम अंगात येतात. सणाच्या रात्री भांगेने रुग्णालयात न्यावे लागणाऱ्यांची कथा बहुधा अशीच असते.

सर्वांत गंभीर परिणाम मनावरचा. स्वीडनमध्ये सैन्यभरतीसाठी आलेल्या ४५ हजारांहून अधिक तरुणांची पंधरा वर्षांची हकीकत १९८७ साली प्रसिद्ध झाली. पन्नासांहून अधिक वेळा हे व्यसन केलेल्यांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण मुळीच न केलेल्यांच्या सहापट आढळले. २०१९ साली युरोप व ब्राझीलमधील ११ ठिकाणांच्या अभ्यासात, रोज सेवन करणाऱ्यांना चित्तभ्रम होण्याचा संभव सुमारे तिप्पट, आणि तीव्र प्रतीचा माल रोज घेणाऱ्यांना जवळजवळ पाचपट दिसला. प्रत्येक सेवन करणारा वेडा होतो, असा याचा अर्थ नव्हे. बहुतेकांना तसे होत नाही. कोणाच्या रक्तात त्या रोगाचे बीज आधीच असते, हे मात्र पहिला पेला हाती घेताना कोणास ठाऊक नसते. ज्यांच्या कुळात मनोविकार आहे, त्यांनी तर या वस्तूची सावलीही टाळावी.

व्यसन जडण्याचे गणितही वयावर अवलंबून आहे. सेवन करणाऱ्या साधारण अकरा जणांत एकाला ते सुटेनासे होते. आरंभ किशोरवयात झाला तर सहा जणांत एकाला. मेंदूची घडण विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. कच्च्या मडक्यावर पडलेला ओरखडा भाजल्यावरही राहतो, तसेच हे.

दुसरी बाजूही ऐकावी

न्याय करावयाचा तर वादी-प्रतिवादी दोघांचेही ऐकले पाहिजे. कीर्तनानंतर तरुण मंडळी मला विचारतात, "बुवा, दारूने किती घरे बुडाली! भांगेने कोणाचे बुडाले?" हा प्रश्न टाकाऊ नाही. दारूने होणारे मृत्यू व कुटुंबांची धूळधाण यांच्याशी तुलना करता भांगेचे पारडे हलकेच भरेल. १८९३ साली ब्रिटिश सरकारने या विषयाच्या चौकशीसाठी आयोग नेमला. सात सभासदांच्या त्या आयोगात तिघे हिंदी होते. १,१९३ साक्षी नोंदवून त्याने १८९४ साली निष्कर्ष काढला की, माफक सेवनाने विशेष अपाय होत नाही, अतिरेकाने होतो. सबब संपूर्ण बंदी न घालता कर व परवाने यांनी नियंत्रण ठेवावे. वेड्यांच्या इस्पितळांतील दफ्तरे तपासताना, पुरेशी चौकशी न करताच वेडाचे कारण म्हणून गांजा लिहिला जातो, हेही त्याने उघड केले.

औषधी उपयोगही नाकारता येत नाही. कर्करोगाच्या औषधांनी होणारी वांती, जुनाट वेदना आणि मज्जासंस्थेच्या काही विकारांतील ताठरपणा यांवर उपयोग होत असल्याचा पुरावा अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमीने २०१७ साली मान्य केला. आणि त्याच अहवालात चित्तभ्रमाशी असलेला संबंधही तितक्याच ठामपणे नोंदविला. २०२० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या मादक द्रव्य आयोगाने ही वनस्पती सर्वांत कडक सूचीतून काढली, तेव्हा भारतानेही अनुकूल मत दिले.

परंतु औषध निराळे आणि व्यसन निराळे. १८९४ सालचा गांजा आणि आजचा माल यांतही अंतर आहे. अमेरिकेत जप्त झालेल्या मालातील टीएचसीचे प्रमाण १९९५ साली सुमारे ४ टक्के होते, ते २०१४ साली सुमारे १२ टक्क्यांवर गेले. बंद खोलीत पाण्यावर वाढविलेला 'हायड्रोपोनिक' गांजा बँकॉकहून आणताना मुंबई विमानतळावर अलीकडे वारंवार पकडला गेला आहे. आजोबांच्या काळातील भांगेच्या गोळीचा दाखला या मालाला लावता येत नाही.

कायदा कोठे उभा आहे?

भारताचा मादक द्रव्यविरोधी कायदा नोव्हेंबर १९८५ मध्ये अमलात आला. त्यात चरस आणि फुलोऱ्याचा गांजा यांवर बंदी आहे. नुसती पाने व बिया मात्र व्याख्येबाहेर आहेत. म्हणून भांगेचे नियमन राज्यांकडे राहिले. उत्तर प्रदेशात परवान्याची भांगेची दुकाने चालतात. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये परवान्यावाचून भांग बाळगता येत नाही. कित्येक भाविकांना हे ठाऊकच नसते. २००१ च्या दुरुस्तीपासून शिक्षा वजनानुसार ठरते. गांजाची १ किलोपर्यंतची मात्रा अल्प, २० किलोंपेक्षा अधिक ती व्यापारी; अल्प मात्रेस एक वर्षापर्यंत, तर व्यापारी मात्रेस दहा ते वीस वर्षे सक्तमजुरी.

दुसरी टोके जगाने पाहिली आहेत. उरुग्वेने २०१३ साली व कॅनडाने २०१८ साली हे सेवन कायदेशीर केले. कॅनडातील ऑंटॅरिओ प्रांतात त्यानंतर मिठायांच्या रूपातील माल चुकून खाल्ल्याने लहान मुलांना रुग्णालयात न्यावे लागण्याचे प्रसंग अनेक पटींनी वाढले. थायलंडने जून २०२२ मध्ये निर्बंध उठविले आणि जून २०२५ मध्ये फुलोऱ्याच्या विक्रीसाठी पुन्हा वैद्यकीय चिठ्ठी आवश्यक केली. दार सताड उघडणे सोपे, ते पुन्हा लोटणे कठीण.

आपल्याकडील आकडे लहान नाहीत. फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या, एम्सने केलेल्या सर्वेक्षणानुसार, वर्षभरात या वस्तूंचे सेवन करणारे सुमारे ३ कोटी १० लाख आहेत, आणि त्यांपैकी सुमारे ७२ लाखांना मदतीची गरज आहे. एवढ्या लोकांना तुरुंगात घालणे शक्य नाही आणि इष्टही नाही. माझे नम्र मत असे: विकणाऱ्यावर कायद्याचा हात कठोर असावा; व्यसनात सापडलेल्या मुलाकडे मात्र गुन्हेगार म्हणून नव्हे, रोगी म्हणून पाहावे. कायद्यातही ही दया आहे. अल्प मात्रेच्या गुन्ह्यातील व्यसनी मनुष्य स्वेच्छेने उपचारास गेला, तर कलम ६४-अ अन्वये त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. ही तरतूद वृत्तपत्रांनी, शाळांनी आणि आम्हा कीर्तनकारांनीही लोकांना सांगितली पाहिजे. बदनामीच्या भयाने कुलूप लावलेल्या खोलीत कितीतरी मुले हातची जात आहेत.

त्या माउलीस उत्तर

तेव्हा आज घरोघरी एवढे करावे. थंडाई अवश्य करावी. बदाम, बडीशेप, मिरे, खसखस, गुलाबपाकळ्या घालून करावी, पण भांगेवाचून. बाहेरून कोणी पेला पुढे केला तर त्यात काय आहे हे विचारण्यास मुलांना शिकवावे. मुलगा एकलकोंडा झाला, झोप उडाली, संशय घेऊ लागला, तर अंगाऱ्याबरोबर डॉक्टरही गाठावा. १४४४६ या शासकीय दूरध्वनीवर विनामूल्य सल्ला मिळतो. पुण्यात १९८६ साली स्थापन झालेल्या मुक्तांगणसारख्या संस्थांनी असंख्य घरे पुन्हा उभी केली आहेत.

त्या रात्री मला न सुचलेले उत्तर मी पुढे त्या बाईंना जाऊन सांगितले. "ताई, देवाला ते चालते असे नव्हे, देवाने ते सोसले. त्याने विष घेतले ते आपल्या लेकरांना घ्यावे लागू नये म्हणून. त्याने घेतले म्हणून आपणही घ्यावे, हे त्याच्या उपकाराला पाठ दाखविणे आहे." त्यांचा मुलगा त्या वेळी उपचार घेत होता. तो आज एका दुकानात काम करतो; औषधे चालू आहेत. तो पूर्ववत झाला असे मी म्हणणार नाही. परंतु मागील महाशिवरात्रीस तो आईबरोबर कीर्तनाला आला आणि चार प्रहर जागा राहिला.

माझा तो जुना चुटका मी सोडून दिला आहे. त्या जागी आता व्याधाची कथा सांगतो. श्रोते हसत नाहीत, पण जागे राहतात.

श्रीसांबसदाशिवार्पणमस्तु.